रिकाम्या खुर्चीला दिलेला शब्द

"जमंल तेवढंच बोला. ऐकनारे हायेत."

लग्न लावायला उभ्या राहिल्या की बाईंचं पहिलं वाक्य हे. त्याआधी त्या पदर खोचायच्या, कानावर आलेले पांढरे केस मागे सारायच्या आणि समोरच्या दोघांकडे अशा बघायच्या, की त्या दोघांना वाटावं आता इंजेक्शन मिळणार. जुनी सवय होती ती. मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्यांनी सारी नोकरी नर्स म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर खर्डीला राहायला आल्या आणि लग्नं लावू लागल्या. भटजी नाहीत, भंतेजी नाहीत, होम नाही, अक्षता नाहीत. ज्यांना यातलं काही नको असेल अशा दोघांना समोरासमोर उभं करायचं, एकमेकांना शब्द द्यायला लावायचा आणि जमलेल्यांना विचारायचं, "ऐकलं?" लोक म्हणायचे, "ऐकलं." मग बाई म्हणायच्या, "झालं." एवढंच लग्न.

शहापूरला महामार्गापासून थोडं आत माझं लग्नाचं कार्यालय आहे. लग्न लावणाऱ्यांचे जेवढे नमुने असतात तेवढे मी पाहिलेत. एका कानाला मोबाइल लावून मंगलाष्टकं उरकणारे पाहिलेत, एका मुहूर्तावर दोन गावांत लग्नं घेऊन दोन्हीकडे उशिरा पोचणारे पाहिलेत. बाई त्या सगळ्यांत वेगळ्या. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मे महिना होता. आल्या आल्या म्हणाल्या, "पंखे बंद करा, शेठ."

मी म्हटलं, "बाई, माणसं उकडून निघतील."

"धा मिन्टं उकडू दे. शब्द ऐकू आला पायजे."

पंखे बंद झाले, बँडवाल्याला बाहेर चहाला पाठवलं, पोराटोरांना गप्प केलं. मग त्यांनी खुर्च्या मोजल्या आणि म्हणाल्या, "मागं दोन ओळी जास्तीच्या लावा." मला वाटलं, उशिरा येणाऱ्यांसाठी असतील. पण उशिरा आलेला एक मामा तिथे बसायला गेला, तर बाईंनी त्याला हाताला धरून पुढे आणलं. त्या ओळी शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. सगळ्यांनी "ऐकलं" म्हटल्यावरही बाई थोडा वेळ त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत थांबल्या, आणि मगच "झालं" म्हणाल्या. नंतर मी विचारलं, तर उत्तर आलं, "मागं बसनारे कुजबुजतात. म्हनून कुनाला बसवत नाय." पटण्यासारखं उत्तर होतं. पुढच्या प्रत्येक लग्नाला मी न सांगता दोन ओळी जास्त लावायला लागलो. सवय लागली की माणूस विचारत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

बाई देव मानत नव्हत्या. घरात फोटो नाही, गळ्यात माळ नाही. त्यांचं स्वतःचं लग्न कधी झालं होतं का, हे ना मुरबाडला कोणी ठामपणे सांगायचं, ना खर्डीला. एकदा मी हिय्या करून विचारलं, की या वयात हे काम कशाला अंगावर घेतलं. त्या म्हणाल्या, "खाटंवर पडलेला मानूस शेवटी काय बोलतो ते आमी नर्शी ऐकतो. लोकांला वाटतं देवाचं नाव घेतो. त्यो बोलतो, तिला असं असं बोल्लो होतो, केलं नाय. मी म्हटलं, आधीच कमी बोलाय लावू."

त्यासाठी त्यांच्याकडे एक लाल पेन होतं. लग्नाआधी दोघांनी आपापले शब्द कागदावर लिहून आणायचे आणि बाईंनी त्यावर काट मारायची. "कायम" गेलं, "कधीच" गेलं, "जन्मोजन्मी"वर तर पेनचं टोक कागदाच्या आरपार जायचं. एका मुलाने लिहिलं होतं, की मी तुझ्या डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही. बाई म्हणाल्या, "कांदा कोन चिरनार मंग?"

पण एकदा हसण्यावारी गेलं नाही. किन्हवलीकडचा एक मुलगा माझ्या कार्यालयात उभा होता. कागदावरचं सगळं नीट बोलला आणि आनंदाच्या भरात एक वाक्य पदरचं घालून बसला, "तू नसशील तर मी एक दिवस जगणार नाही." टाळ्या पडल्या. बाईंनी हात वर करून टाळ्या थांबवल्या. "मागं घे," म्हणाल्या. मुलगा लाजला, हसला. "मागं घे रे, लवकर." त्याला वाटलं बाई गंमत करतायत. बाईंनी मागच्या ओळींकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. तिसऱ्या वर्षी भातलावणीच्या, आवणीच्या दिवसांत त्याच्या बायकोला शेतात साप चावला. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोही ओट्यावर बसल्या जागी गेला. ना आजार, ना औषध घेतलेलं. मी बाईंना ही बातमी सांगितली तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. खडा वेचून बाजूला टाकला आणि एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्याला." त्या दिवसापासून मला बाईंची थोडी भीती वाटायला लागली, हे कबूल करतो.

मग माझ्याच मुलीच्या लग्नाची वेळ आली. तेजल पुण्याला नोकरी करते. तिने अनिकेत निवडला, धसईचा, बौद्ध घरातला, आईचा एकुलता एक. मुलगा सोन्यासारखा. तरी माझ्या भावकीतल्या काहींनी तोंडं फिरवली, त्यांच्याकडेही कुरकुर झालीच. आमच्याकडचे म्हणणार भटजी हवा, त्यांच्याकडचे म्हणणार भंतेजी हवेत. दोघांनी ठरवलं, दोन्ही नको आणि इथे तर नकोच. कायद्याची नोंदणी ठाण्याला करायची आणि लग्न व्हिएतनामला, समुद्रकाठी, चाळीस माणसांत. स्वतःचं कार्यालय असलेल्या बापाची पोरगी लग्नाला समुद्रापार निघाली, यावर शहापूरच्या बाजारात लोकांनी माझी महिनाभर करमणूक करून घेतली.

राहिला प्रश्न लग्न लावणाऱ्याचा. "तिकडे सेलिब्रंट असतात, बाबा," तेजल म्हणाली. माझ्या ऑफिसात लॅपटॉप लावून आम्ही सगळे त्यांच्या मुलाखती घ्यायला बसलो. पहिला लिननच्या शर्टातला, दात फार छान. त्याने इंग्रजीत विचारलं, तुमची पहिली भेट कुठे झाली? तेजलने सांगितलं, शहापूरच्या एसटी स्टँडवर. तो म्हणाला, किती रम्य. आमचा स्टँड ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय वेगळं सांगू. दोघांनी दोन रंगांची वाळू एका बाटलीत ओतायची, अशी त्याची कल्पना होती. माझी बायको म्हणाली, "आणि मग ती बाटली कोणाच्या घरी ठेवायची?" दुसरी सेलिब्रंट कॉलवरच रडली. तिसऱ्याचं सगळं ठीक होतं, पण विहीणबाई, म्हणजे अनिकेतची आई, हळूच म्हणाल्या, "मानूस चांगला वाटतो. पन त्याचं बोलनं मला कळनार नाय, नि माझं रडनं त्याला."

तेव्हा मीच बाईंचं नाव काढलं. खरं तर काढायला नको होतं असं पुढे कितीदा वाटलं.

खर्डीला गेलो. भातशेताच्या कडेला दोन खोल्या, पुढे ओटा. आम्ही त्यांना निवडायला गेलो होतो, पण निवड त्यांनी आमची केली. लाल पेन निघालं. तेजलच्या बारा ओळींतल्या चार उरल्या. शेवटची ओळ होती, "तू आजारी पडलास तर मी तुझ्याजवळ असेन, आणि शेवटचं पाणी मी देईन."

"अगं, लग्नात हे काय," अनिकेत म्हणाला.

"हेच लग्नात. बाकीचं सगळं फोटोत," बाई म्हणाल्या आणि त्या ओळीखाली रेघ ओढली. मग त्यांनी विचारलं, "तिथं ऐकनारे कोन?"

"चाळीस जण आहोत, बाई," तेजल म्हणाली.

"ते नाय गो." मग एवढंच विचारलं, तिथे खुर्च्या जास्तीच्या मिळतील ना.

बाईंचा आयुष्यातला पहिला पासपोर्ट निघाला. चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, परदेशात काय काम? बाई म्हणाल्या, लग्न. तो त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून अभिनंदन करून गेला. हे सांगताना त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

आणि मग आम्ही चूक केली. तिकडची व्यवस्था बघणाऱ्या प्लॅनरला लग्नाची तालीम हवी होती, किती मिनिटं लागतात, कोण कुठे उभं राहतं. बाईंना विचारलं तर त्यांनी साफ सांगितलं, "तालीम नाटकाची असते. शब्द एकदाच." तेजल माझी मुलगी, हट्टी. बाईंना न कळवता तिने एका दुपारी माझ्या कार्यालयात तालीम ठेवली. अनिकेत कामात अडकला, ठाण्याहून निघूच शकला नाही. मग त्याच्या जागी एक रिकामी खुर्ची ठेवली. मी, बायको, विहीणबाई आणि आमचा डेकोरेशनवाला पुढे बसलो. आदल्या दिवशी कार्यक्रम झाला होता, मागच्या खुर्च्या तशाच होत्या. प्लॅनरला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल स्टँडवर ठेवला. प्लॅनरला आवाज येईना म्हणून मीच पंखे बंद केले.

तेजल खुर्चीसमोर उभी राहिली आणि चारही ओळी बोलली. सुरुवातीला हसत होती, शेवटच्या ओळीला तिचा आवाज खरा झाला. गंभीर झालं की मला चावटपणा सुचतो. मी उठलो, नसलेला पदर खोचला, नसलेले केस मागे सारले आणि बाईंच्या आवाजात विचारलं, "ऐकलं?"

"ऐकलं," सगळे हसत म्हणाले.

आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फरशीवर प्लास्टिकचा पाय घासतो तसा, लांब. डेकोरेशनवाला बघून आला. शेवटच्या ओळीतली एक खुर्ची मागे सरकलेली होती, कोणीतरी उठून गेल्यावर राहते तशी. "मांजर असंल, शेठ," तो म्हणाला. विहीणबाईंनी तेजलला जवळ ओढून घेतलं. मी पंखे लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रिक्षातून कार्यालयाच्या दारात. त्यांना कोणी सांगितलं हे आजवर कळलेलं नाही. डेकोरेशनवाला पोरांच्या शपथा घेतो, विहीणबाईंकडे तर त्यांचा नंबरही नव्हता. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही.

"खुर्चीत कोन होतं?"

"कोणी नव्हतं, बाई. तालीम होती."

"मंग शब्द कुनाला दिला?"

तेजल म्हणाली, "अनिकेतला."

"त्यो नव्हता. त्याच्या कानावर पडला नाय. तू बोल्लीस, ह्यांनी ऐकलं बोलून पक्कं केलं. कुनीतरी घेतला त्यो शब्द. तोच शब्द आता दुसऱ्याला द्याय लावता येत नाय. मी लग्न लावनार नाय."

बारा दिवस राहिले होते. चाळीस तिकिटं निघाली होती. माझा तोल गेला. मी म्हणालो, "बाई, देव न मानणारी बाई तुम्ही, आणि हे काय भुताखेतांचं घेऊन बसलात?"

त्या म्हणाल्या, "देव नाय मानत. शब्द मानते. त्यो पन नाय मानला तर तुमच्या पोरीचं लग्न कशावर लावू, शेठ?"

बाई गेल्या. तेजलने रागारागाने लॅपटॉप उघडला आणि लिनन शर्टवाल्याला कळवलं. तो मोकळाच होता. प्रश्न मिटला असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

पण घरात काहीतरी बिनसलं. तेजल सोफ्यावर बसली की एका कडेला सरकून बसायला लागली, शेजारी जागा सोडून. तिच्या आईच्या आधी लक्षात आलं. जेवायला बसली तरी तसंच. गाडीत मागे बसली तरी दाराला चिकटून. आई म्हणाली, "नीट बस की गं." तेजल म्हणाली, "नीटच बसलेय," आणि खाली पाहिलं, आणि मग तिलाही दिसलं. त्या क्षणी तिचा चेहरा जो झाला तो मला विसरता येत नाही. माझी पोर घाबरली होती, आणि तिला त्यात लोटलं होतं मी, एका नकलेपायी.

"बाबा, खर्डीला चला," ती म्हणाली.

अनिकेतला बोलावून घेतलं, बायको आणि विहीणबाईही बरोबर आल्या. बाई जणू वाटच बघत होत्या. ओट्यावर एक खुर्ची मांडलेली होती. त्या स्वतः तिच्यात बसल्या, हात मांडीवर ठेवले. "तोच शब्द, तसाच, आता मला दे. ज्यानं घेतला त्याच्याकडून मी मागून घेते. रिकाम्या खुर्चीपेक्षा म्हातारी बरी. माझं काय, थोड्या दिसांचं काम."

तेजल रडायला लागली. बाईंनी अनिकेतकडे पाहिलं. "तुझ्या आधी माझा नंबर लागंल. चालंल ना रे?"

अनिकेतने मान हलवली.

तेजल बोलली. चार ओळी, शेवटच्या पाण्यापर्यंत. बाई तोंड वर करून ऐकत होत्या, लहान मूल गोष्ट ऐकतं तशा. मग माझ्याकडे वळल्या. "तवा तुमीच इचारलं होतं ना? आता नीट इचारा."

मी विचारलं, "ऐकलं?" आम्ही चौघे म्हणालो, "ऐकलं." बाई आमच्या मागे शेताच्या बांधाकडे बघत थांबल्या. तिथे कोणी नव्हतं. तिकडे तोंड करून म्हणाल्या, "बरं. जा आता." घरी येताना तेजल गाडीत मधोमध बसली होती आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली.

लिनन शर्टवाल्याला नकार गेला. व्हिएतनामला लग्न बाईंनीच लावलं. आधी तेजलने आपल्या कागदावरची शेवटची ओळ खोडली आणि तिच्या जागी अनिकेतसाठी दुसरी लिहिली. ती कुठली, ते आम्ही ऐकलंय आणि आमच्यातच राहू दे. बाई किनाऱ्यावर उभ्या राहिल्या, क्षणभर कान दिला आणि हॉटेलच्या मॅनेजरला मराठीत विचारलं, "ह्यो समुद्र जरा बंद होतो का?" शेवटी सगळी वरात आतल्या हॉलमध्ये नेली. मागे दोन ओळी रिकाम्या लावल्या. सगळ्यांनी "ऐकलं" म्हटल्यावर बाई त्या ओळींकडे बघत राहिल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि मला वाटलं आता काहीतरी बिघडणार. मग त्या "झालं" म्हणाल्या. जेवताना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "इतक्या लांब कोन येतंय, शेठ? पन पोरं खरं बोलली. तेवढ्यावर लावलं."

दीड वर्ष गेलं. एका बुधवारी सकाळी तेजल कळवल्याशिवाय शहापूरला आली. एक पिशवी, आणि पाठीवरच्या बॅगेत पाण्याच्या तीन बाटल्या, तिन्ही रिकाम्या. म्हणाली, "बाबा, खर्डीला सोडा." मी म्हटलं, बाई तर ठणठणीत आहेत, परवा बाजारात भेटल्या. तिने गाडीचं दार उघडून ठेवलं होतं.

बाई खाटेवर पडलेल्या होत्या. पहाटेपासून ताप. शेजारच्यांनाही सांगितलं नव्हतं. तेजलला दारात बघून म्हणाल्या, "आलीस? मी कुनाला बोलावलं नव्हतं."

"मला माहितेय," तेजल म्हणाली आणि चुलीवर पेज ठेवली.

डॉक्टर आणला, शहापूरच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं. बाई नको म्हणाल्या. चार दिवस माझी पोर त्या खाटेशी बसून होती, खुर्ची चिकटवून. अनिकेत दोनदा येऊन गेला. पाचव्या दिवशी दुपारी बाईंनी ओठ हलवले. तेजलने मान उचलून चमच्याने पाणी घातलं. एक चमचा गेला, दुसरा कडेने ओघळला. बाईंनी तिचं मनगट धरलं, नर्स धरते तसं, नाडीवर. म्हणाल्या, "झालं, गो." आणि हात सुटला.

आता कार्यालयात कधी कधी असं जोडपं येतं, ज्यांना भटजी नको, कोणीच नको. विचारतात, ओळखीचं कोणी आहे का. मी नाही म्हणतो. खर्डीच्या त्या दोन खोल्यांना कुलूप आहे.

पण बाई गेल्या त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सगळं उरकून आम्ही खर्डीहून निघालो. तेजल माझ्या शेजारी बसली होती, डोळे कोरडे, केस विस्कटलेले. मी विचारलं, "तुला कळलं कसं, बाळा?"

ती रस्त्याकडे बघत होती.

"कळलं नाही, बाबा. आठवडाभर मला नुसती तहान लागत होती. ऑफिसात, घरी, झोपेतसुद्धा. कितीही पाणी प्यायलं तरी घसा कोरडाच. मग लक्षात आलं, की ही तहान माझी नाही."

मी दोन सीटांच्या मधली भरलेली बाटली तिच्यापुढे केली. तिने ती हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि न उघडता परत ठेवून दिली.

"आता नाही लागलेली," ती म्हणाली.